वरिष्ठच रुग्णांवर खेकसत असतील, तर डॉक्टरपण शिकायचं कुणाकडून?

तुम्ही विचारलंय की एमबीबीएसला एटकॉमच्या, म्हणजे वृत्ती, नैतिकता आणि संवाद शिकवणाऱ्या विषयाच्या, तासाला रुग्णाशी नीट बोलायला शिकवतात आणि त्याच दिवशी वॉर्डात वरिष्ठ एखाद्या म्हातारीवर खेकसतात, मग खरं शिक्षण कोणतं? आणि दुसरं वर्ष संपत आलं तरी आपण डॉक्टर होतोय असं आतून का वाटत नाही?

खरं शिक्षण वॉर्डातलंच. मी खान्देशातच शिकले, आता इथेच शिकवते, आणि मला याबद्दल शंका नाही. एटकॉम 2019 च्या बॅचपासून अभ्यासक्रमात आलं, ते चांगलंच झालं. पण कुणी न शिकवता कॉलेजच्या हवेतून जे अंगात मुरतं, त्याचा जोर जास्त असतो. हॅफर्टी आणि फ्रँक्स या अभ्यासकांनी 1994 मध्येच या छुप्या अभ्यासक्रमाबद्दल लिहून ठेवलंय.

तो कसा मुरतो ते आपल्याकडच्याच रुग्णावरून सांगते. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा एखादा तरुण येतो. हाडं फुटतील इतक्या वेदना, पण बाहेरून काहीच दिसत नाही. सूज नसते, कधी ताप नसतो, बीपी नॉर्मल. वाकड्या झालेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात म्हणून ही कळ येते, हे तुम्ही पॅथॉलॉजीत वाचलेलं असतं. तरी कुणीतरी म्हणतं, ‘हा नेहमीचाच आहे, इंजेक्शनसाठी नाटक करतो.’ पहिल्यांदा ऐकताना तुम्हाला वाईट वाटतं, मग सवय होते, आणि इंटर्नशिपपर्यंत तेच वाक्य आपल्या तोंडी येतं. त्या दिवशी तुम्ही एका विशिष्ट प्रकारचे डॉक्टर झालेले असता, आणि तसं कुणी ठरवलेलं नसतं.

म्हणून कुणाचं काय उचलायचं ते जागेपणी ठरवा. मी सर्वांत जास्त शिकले ते एका सिस्टरकडून. त्या आधी वेदनेचं औषध सुरू करून घ्यायच्या आणि मग बाकीचे प्रश्न विचारायच्या. पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या रुग्णाशी बोलायला त्या वॉर्डातल्या मावशींना बोलवायच्या, तेही ‘जरा येता का’ म्हणून. अहिराणी बोलणारी आजी ‘पोटमा दुखस’ म्हणाली की तिला शुद्ध मराठीत उलटतपासणी नको असते. ‘काय व्हस माय?’ एवढं विचारलं तरी ती बोलती होते. हे तुमच्या हातात आजही आहे.

आतून का वाटत नाही, याचं उत्तर सोपं आहे: अजून तुमच्यावर कुणाचं काही अवलंबून नाही. जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये वैद्यकीय कौशल्याच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते कळणं, करून दाखवणं, प्रत्यक्ष करणं. 2016 मध्ये क्रुएस दांपत्य आणि स्टाइनर्ट यांनी त्यावर पाचवी ठेवली, डॉक्टर ‘असणं’. ती सर्वांत वर आहे, त्यामुळे दुसऱ्या वर्षात ती हाताला न लागणं हा काही दोष नव्हे. ॲप्रन बघून रुग्ण ‘डॉक्टर’ म्हणाले तर ‘मी विद्यार्थी आहे, शिकतोय, तपासू का?’ असं विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. नाही म्हणाले तर निघून या, विशेषतः मोठी प्लीहा म्हणजे ‘चांगली केस’ म्हणून सकाळपासून अख्ख्या बॅचने ज्याचं पोट दाबलंय त्याच्याकडून.

आणि एका वेळी एक रुग्ण भरती झाल्यापासून घरी जाईपर्यंत धरा. घरी कसा जाणार, सिकलसेलचा असेल तर हायड्रॉक्सीयुरिया हे रोजचं औषध पुढच्या महिन्यात कुठून घेणार, गोळ्यांकडे घरात कोण बघणार, हे विचारा. जबाबदारीची जाणीव अशाने लवकर येते, निदान माझ्या विद्यार्थ्यांत तरी मी ते पाहिलंय.

वरिष्ठांशी रुग्णासमोर वाद घालू नका, त्याने रुग्णच घाबरतो. राउंड संपल्यावर परत जाऊन त्या आजीजवळ बसा. मारहाण किंवा रॅगिंग दिसलं तर मात्र मेंटॉरला किंवा युनिट प्रमुखांना सांगायलाच हवं.

एका बाबतीत मी कुणाचंच ऐकू नये असं म्हणेन. न मोजलेला बीपी, न मोजलेली नाडी चार्टवर लिहायची नाही. रात्री कामाच्या रगाड्यात ‘अरे, लिहून टाक’ असं सांगणारे भेटतात. त्यांना ‘दोन मिनिटं द्या सर, मोजून येतो’ एवढंच म्हणायचं आणि खरंच मोजून यायचं. यावर सहसा कुणी भांडत नाही.