वगारीची कास लवकर भरली म्हणजे पुढे दूध जास्त का?

प्रश्न गोरेगावच्या तबेल्यातला आहे: ५ महिन्यांच्या वगारीला (म्हशीच्या मादी पिल्लाला) पेंड वाढवली, कास गुबगुबीत झाली, पुढे दूध वाढेल का? नाही, तेवढ्यावरून सांगता येत नाही. ती बहुधा चरबी आहे. सडाच्या वर बोटांनी चाचपा: चरबी मऊ लागते, दूधग्रंथीचा भाग घट्ट, गाठीसारखा.

चरबी शत्रू नव्हे, हेही खरं. दुधाच्या नळ्या याच चरबीच्या गादीत शिरून फांद्या फोडतात. तिथल्या पेशी आयजीएफ-१ सारखे वाढीचे घटक देतात. गादी काढली तर नळ्यांची वाढ खुंटते. साधारण ३ महिन्यांपासून पहिल्यांदा माजावर (गाभण राहण्याजोगी) येईपर्यंत ग्रंथी अंगापेक्षा वेगाने वाढते. या काळात खुराक फार झाला की जनावर वजनामुळे लवकर माजावर येतं आणि हा वेगाचा काळच आखडतो. गादी मात्र जाड होते.

होल्स्टीन जातीच्या गायीच्या कालवडीसाठी रोज ७००-८०० ग्रॅम वाढ ठीक मानतात. वगारीला तोच आकडा लावू नका. पेंडीपेक्षा मका-भरड्याचा अतिरेक जास्त नडतो, कारण प्रथिन कमी आणि ऊर्जा भरमसाट. दूध पिण्याच्या पहिल्या २ महिन्यांत मात्र हात आखडू नका, तेव्हाचं भरपूर दूध ग्रंथीला मानवतं.

वजन किती वाढतंय ते दर महिन्याला टेपने मोजा: छातीचा घेर × घेर × अंगाची लांबी (इंचांत) ÷ ६६० = अंदाजे किलो.