फॉरमॅट मारला तरी कंप्युटर परत तसाच? आधी आतलं बघा

पाऊस सुरू झाल्यापासून आलेल्या प्रश्नांत निम्मे असेच आहेत, विंडोज नवीन टाकली, दोनदा टाकली, तरी तेच. मी फोंड्यात बावीस वर्षं कंप्युटर दुरुस्त करतोय आणि मला हे परत परत सांगावं लागतं, की चांगला चालणारा जुना कंप्युटर अचानक बिघडला तर दोष विंडोजमध्येच असेल असं धरून चालू नका. रॅमची पट्टी, डिस्क, सेल, पॉवर सप्लाय, पंखा हे सगळं आधी बघायचं, फॉरमॅट मग. इथे निवडक प्रश्न घेतलेत, नावं मुद्दाम गाळलीत.

प्रश्न (मोरजी): २०१२ चा डेस्कटॉप आहे. विंडोज १० टाकताना कधी ३० टक्क्यांवर तर कधी ६८ वर थांबतो आणि ८००७०५७० असा आकडा दाखवून फाइल खराब आहे म्हणतो. दुकानदाराने तीन पेनड्राइव्ह बदलले, आता म्हणतो मदरबोर्ड गेला, नवीन सेटच घ्या.

उत्तर: तीन पेनड्राइव्ह एका पाठोपाठ खराब निघत नाहीत. दर वेळी वेगळ्या टक्क्याला अडकतोय ना, खूण तीच आहे. फाइलच खराब असती तर बहुतेक वेळा त्याच जागी अडकला असता. सेटअप काय करतो, तर दाबून भरलेल्या फायली रॅममध्ये उघडतो आणि बरोबर आहेत का ते तपासतो, तिथे एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी त्याच्या हिशेबी फाइल खराब. त्यामुळे पहिला संशय रॅमवर, आणि मोरजीसारख्या समुद्रालगतच्या गावात तर नक्कीच, कारण खारी हवा रॅमच्या पट्टीच्या सोनेरी पायांवर बसते.

कंप्युटर बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत राहिलेला करंट उतरतो. मग हात लोखंडी कॅबिनेटला लावून पट्ट्या काढा आणि पाय साध्या पांढऱ्या खोडरबरने हलके पुसा. मागच्याच आठवड्यात हरमलची एक चार जीबीची पट्टी माझ्या टेबलावर होती, वरून अगदी स्वच्छ, पण खोडरबर दोनदा फिरवल्यावर त्यावर काजळासारखी काळी रेघ उठली. रबराचा चुरा ब्रशने झाडायचा, तोंडाने फुंकायचा नाही, फुंकरीत ओल असते. मग एकच पट्टी लावून सेटअप चालवा, नंतर फक्त दुसरी लावून. मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम फुकट मिळतो, तो पेनड्राइव्हवरून रात्रभर चालू द्या, एक जरी लाल ओळ आली तरी ती पट्टी बाद, थोडे एरर चालतात असं काही नसतं. रॅम स्वच्छ निघाली तर डिस्क आणि तिची केबल. मदरबोर्ड सगळ्यात शेवटी, आणि तोसुद्धा दुसऱ्या कुणाला दाखवल्याशिवाय बदलू नका.

प्रश्न (वास्को): दर वेळी चालू केला की तारीख २००९ दाखवतो आणि इंटरनेटवर सगळ्या साइट सुरक्षित नाहीत असं येतं. व्हायरस आहे का?

उत्तर: नाही, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय, तीन व्होल्टचा नवीन टाका आणि पुढचं उत्तर वाचल्याशिवाय जुना काढू नका.

प्रश्न (म्हापसा): सेल बदलला आणि त्यानंतर विंडोज उघडतच नाही, निळा स्क्रीन येतो आणि बूट डिव्हाइस मिळत नाही म्हणतो. ओळखीचा मुलगा म्हणाला विंडोज उडाली, परत टाकावी लागेल.

उत्तर: टाकू नका! तुमची विंडोज बहुतेक जागच्या जागी आहे. सेल काढला की बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रामच्या, सेटिंग मूळपदावर जातात, त्यात साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) आयडीईचा एएचसीआय झाला किंवा एएचसीआयचा आयडीई झाला की विंडोजला आपलीच डिस्क ओळखता येत नाही. बायोसमध्ये जाऊन तो मोड दुसऱ्यावर करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. सेल बदलण्याआधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलने फोटो काढून ठेवावेत. तरीही उघडला नाही तर तिथेच थांबा आणि जाणकाराकडे न्या, सेटअपचा पेनड्राइव्ह लावू नका.

प्रश्न (पर्वरी): सेटअपमध्ये डिस्क दिसते, पण एमबीआर आहे, जीपीटी पाहिजे असं सांगून पुढे जात नाही. एका व्हिडिओत क्लीन कमांड द्यायला सांगितलंय.

उत्तर: एमबीआर आणि जीपीटी म्हणजे डिस्कवर पार्टिशनांची यादी लिहायची जुनी आणि नवी पद्धत. क्लीन दिलात तर डिस्कवरची सगळी पार्टिशनं जातात, फोटोंची डी ड्राइव्ह सुद्धा. बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो का बघा, ज्याच्यापुढे यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) लिहिलेलं नाही तो निवडा. एकदाच दिसत असेल तर विचारूनच पुढे जा.

प्रश्न (डिचोली, निवृत्त शिक्षक): दीड वर्षात तीनदा फॉरमॅट मारून घेतला. दर वेळी महिनाभर छान चालतो, मग परत हँग होतो, फाइल उघडायला पाच-पाच मिनिटं. आता कधी कधी आतून टक टक आवाज येतो. आमच्या भजनी मंडळाची बारा वर्षांची रेकॉर्डिंग आणि आईचे शेवटचे फोटो त्याच्यावर आहेत. दुकानदार म्हणतो आणखी एकदा फॉरमॅट मारून बघू. शेजारी सांगतात की डिस्क फ्रीजमध्ये ठेवली की चालते. चवथ झाली की बघीन म्हणतो.

उत्तर: सर, हे वाचताय त्या क्षणी कंप्युटर बंद करा. आणि चवथीपर्यंत थांबू नका.

तुमची हार्डडिस्क मरायला टेकलीय आणि ती हे दीड वर्षं सांगतेय. फॉरमॅटनंतर महिनाभर बरं का वाटतं ते सांगतो, कारण याच एका गोष्टीवर लोकांची फसगत होते. डिस्कवरची काही जागा वाचता येईनाशी झाली की कंप्युटर तिथे अडून बसतो, परत परत वाचायचा प्रयत्न करतो, त्याला आपण हँग म्हणतो. नवीन विंडोज टाकताना त्या जागेवर नव्याने लिहिलं जातं, तेव्हा डिस्क ती खराब जागा बाद करते आणि राखीव ठेवलेली चांगली जागा तिच्या बदली वापरते. म्हणून काही दिवस ठीक. मग पुढची जागा जाते. राखीव साठा मोजकाच असतो. म्हणजे फॉरमॅटने दुरुस्त काहीच झालं नाही, तीन वेळा फक्त दुखणं झाकलं गेलं, आणि दर फॉरमॅटला सी ड्राइव्हवर वीसेक जीबी नवीन लिहिलं गेलं ते निराळंच. झटपट फॉरमॅटमध्ये फक्त यादी पुसली जाते, फोटो खाली तसेच असतात, पण त्यांच्यावर विंडोज लिहिली गेली की ते कुणालाच परत आणता येत नाहीत. तुमचे फोटो डी वर असतील तर आशा बरी आहे. डेस्कटॉपवर किंवा माय डॉक्युमेंट्समध्ये होते तर ती सी ड्राइव्हच असते, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

दुकानदाराने पहिल्याच वेळी पाच मिनिटं काढून डिस्कची तब्येत बघायला हवी होती. क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट आहे, उघडलं की निळा, पिवळा किंवा लाल रंग दिसतो. त्यात पाच नंबरची ओळ म्हणजे बदललेल्या खराब जागा आणि १९७ नंबरची (यादीत C5 अशी दिसते) म्हणजे वाचता न आलेल्या, निकालाची वाट बघणाऱ्या जागा. हे आकडे शून्य नसतील आणि आठवड्याला वाढत असतील तर त्या डिस्कवर विंडोज टाकणं हा गुन्हा आहे असं मी मानतो. १९९ नंबर (यादीत C7) वाढत असेल तर मात्र बऱ्याचदा नुसती साटा केबल खराब असते, ती बदलली की काम भागतं, आणि तेवढ्यासाठी सुद्धा लोकांना नवीन डिस्क विकलेली मी बघितलीय.

आता टक टक. आतली सुई, म्हणजे हेड, जागा शोधतेय आणि तिला ती सापडत नाहीय. काही डिस्क चार-पाचदा टक टक करतात, मग हताश होऊन फिरायच्याच थांबतात. हेड आणि तबकडी यांच्यात अंतर किती, तर काही नॅनोमीटर, धुळीचा कण त्यापेक्षा कितीतरी मोठा. हेड तबकडीला घासलं तर ज्या थरावर तुमचं भजन आहे तो थरच खरवडून निघतो. म्हणून एकदा टक टक ऐकली की "आणखी एकदा चालू करून बघू" हे नाही म्हणजे नाही.

फ्रीजचा उपाय कृपा करून विसरा. पावसाळ्यात आपल्याकडे पाण्याचा थंड तांब्या फ्रीजबाहेर ठेवला की दोन मिनिटांत घाम फुटतो ना, तसाच डिस्कच्या आत फुटेल. विंडोजची डिस्क तपासणारी चेकडिस्कही लावू नका, ती तासन्‌तास संपूर्ण डिस्क खरडत बसते, धडधाकट डिस्कला ठीक, मरणाऱ्या डिस्कला नाही. आवाज नसता, नुसता स्लो असता, तर मी लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टीमच्या) पेनड्राइव्हवरून बूट करून डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढली असती, ते आधी सहज वाचता येतं ते उचलतं आणि अवघड जागांकडे नंतर वळतं. टक टक असेल तर ते माझंसुद्धा काम नाही, धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यायची. देताना लिहून घ्या की विचारल्याशिवाय डिस्क उघडणार नाही, काम झालं नाही तर डिस्क परत मिळेल, आणि एकूण खर्च किती. साध्या टेबलावर झाकण उघडून बघतो म्हणणाऱ्याकडून डिस्क उचला आणि बाहेर पडा.

नवीन एसएसडी घ्यालच, ती घ्याच, जुन्या मशीनला नवा जीव येतो. पण एसएसडी फॉरमॅट केली की विंडोज तिला ही जागा रिकामी झाली असं कळवते आणि डिस्क ती आतून साफ करून टाकते, मग रिकव्हरीवालाही सहसा काही करू शकत नाही. म्हणून रेकॉर्डिंग दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, एक तुमच्याकडे, एक मंडळातल्या दुसऱ्या कुणाच्या घरी. आणि जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका, सर.

प्रश्न (कुडचडे): चौथ्या पिढीचा आय३ आहे, एकजण ३०० रुपयांत लाइफटाइम की सकट विंडोज ११ टाकून देतो म्हणतो. घेऊ?

उत्तर: नको. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, तपासणी चुकवून टाकली तर पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि त्या किमतीच्या की बहुतेक कुठल्या तरी कंपनीच्या घाऊक लायसन्समधल्या असतात, कधीही बंद पडतात. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरंय. नुसतं इंटरनेट, मेल आणि लिहिणं असेल तर चार जीबी रॅमवर लिनक्स मिंट व्यवस्थित चालतं, आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा, डिस्कला हात लागत नाही.

प्रश्न (सावर्डे): विंडोज टाकताना वीस मिनिटांनी मशीन धाडकन बंद. लगेच चालू केला तर पाच मिनिटांत परत बंद. थोडा वेळ ठेवला की परत वीस मिनिटं.

उत्तर: थंड झाल्यावर जास्त टिकतो म्हणजे प्रोसेसर तापतोय. तुमच्याकडची लाल धूळ पंख्याखालच्या पात्यांत नमद्यासारखी बसते, वरून पंखा फिरताना दिसतो पण हवा खाली जातच नाही. पंखा उतरवून धूळ काढायची आणि थर्मल पेस्ट नवीन लावायची, जुनी सुकून खडू झालेली असते. ते करूनही बंद पडला तर पॉवर सप्लाय, आणि मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्याला फुगलेत का तेही बघून घ्या. पॉवर सप्लायचं डबडं मात्र स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास करंट राहू शकतो. आत मुंग्या नाहीतर मेलेली पाल हमखास सापडते, पण ती काढायचं काम ज्याचं त्याला करू द्या.

प्रश्न (मडगाव, डीटीपी करणाऱ्या): फॉरमॅटनंतर जुनी सगळी मराठी कामं, लग्नपत्रिका, नाटकांच्या संहिता, इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतायत. फायली खराब झाल्या का?

उत्तर: नाही ताई, फायली शाबूत आहेत, फॉन्ट गेलाय. युनिकोडच्या, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे आकडे देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच आकडे असतात, वर मराठी आकार चढवलेला असतो, फॉन्ट नसला की आतलं उघडं पडतं. तोच फॉन्ट परत टाकला की दिसेल. घाबरून त्या फायली उघडून सेव्ह करू नका. सॉफ्टवेअरचा डोंगल (ते चालायला मागे लावावी लागणारी किल्ली) प्रिंटरच्या जुन्या पंचवीस पिनी पोर्टचा असेल तर नवीन मशीन घेण्याआधी तो पोर्ट मिळतो का विचारा, आणि जुन्या मशीनवर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायला आजच सुरुवात करा.

प्रश्न (कुळे): विंडोज ७ च्या सेटअपमध्ये माउस-कीबोर्ड दोन्ही बंद.

उत्तर: निळ्या यूएसबी पोर्टमधून काढून काळ्यात लावा, विंडोज ७ च्या सेटअपमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही, आणि त्या विंडोजचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपलाय, तिच्यावर बँकेचं काम करू नका.

प्रश्न (वाळपई): गडगडाट झाला त्या रात्रीनंतर कंप्युटर चालू होत नाही. बटण तर बंद होतं. विंडोज परत टाकली तर चालेल का?

उत्तर: चालूच होत नाही त्याच्यावर विंडोज कशी टाकणार? बटण बंद असलं तरी प्लग भिंतीत होता आणि नेटची केबल मागे लावलेली होती, वीज तिथूनही येते. बहुतेक पॉवर सप्लाय गेलाय, मदरबोर्ड वाचला असेल किंवा नसेल, ते दुसरा सप्लाय लावल्याशिवाय कळत नाही. डिस्क काढून वेगळी ठेवा आणि फक्त मशीन दुरुस्तीला द्या. त्याचबरोबर इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग मोजून घ्या, ते झाल्याशिवाय नवीन पॉवर सप्लाय लावू नका.

प्रश्न (काणकोण): एक लांब आणि दोन छोट्या शिट्ट्या येतात, स्क्रीन काळा.

उत्तर: बऱ्याच बायोसमध्ये ही डिस्प्ले कार्डची खूण असते, पण कंपनीप्रमाणे अर्थ बदलतो, मदरबोर्डचं मॉडेल कळवा. तोवर कार्ड काढून, पाय पुसून, परत घट्ट बसवून बघा.