वॉटर-बेस्ड शाईची छपाई इस्त्री करूनही धुण्यात का जाते?

तुम्ही लिहिलंय की सुती टी-शर्टवर छपाई केली, रात्रभर वाळवली, सकाळी इस्त्री फिरवली आणि दुसऱ्याच धुण्यात डिझाइन फिकं पडलं. 'फिरवली' या शब्दातच बहुधा चूक आहे.

हाताला कोरडी लागणारी शाई वाळलेली असते, पक्की झालेली नसते. शाईतला बाइंडर रंगाला धाग्याशी बांधून ठेवतो आणि त्याची पकड बसायला उष्णता लागते. डब्यावर काय लिहिलंय ते आधी बघा. बऱ्याच शायांना साधारण 160 अंश सेल्सिअसला दोन-तीन मिनिटं लागतात. पण शाईत ओल आहे तोवर तिचं तापमान 100 अंशांच्या फारसं पुढे सरकतच नाही, सगळी उष्णता वाफ करण्यात जाते. म्हणून मिनिटं मोजायची ती ओल गेल्यावर.

आपण कपड्यांना इस्त्री करतो तेव्हा हात सतत सरकत असतो, एका जागेच्या वाट्याला जेमतेम चार-पाच सेकंद येतात. इथे प्रत्येक जागेला तीन मिनिटं हवीत. छातीभर डिझाइनवर इस्त्रीचे चार ठसे मावत असतील तर बारा मिनिटं झालीच. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही. इस्त्री सुती कापडाच्या खुणेवर ठेवा, वाफ बंद, टाकीतलं पाणीही ओतून द्या. मध्ये बटर पेपर किंवा पातळ सुती फडकं घाला, नाहीतर कापड करपेल. दाब द्या आणि अधूनमधून बोटभर सरकवा, कारण तळाच्या वाफेच्या भोकांखाली उष्णता कमी पोचते.

माझ्या पहिल्या कापडी पिशवीवर मासा छापला होता. धुतल्यावर डोकं शाबूत, शेपूट गायब! शेपटीलगत जाड शिवण होती, तिच्यामुळे इस्त्री तिथे टेकलीच नव्हती. तेव्हापासून शिवण फळीच्या कडेबाहेर सोडतो.

हीट प्रेस, म्हणजे कापड तापत्या पाटीखाली दाबून धरणारं यंत्र, असेल तर काम सोपं. फक्त पहिल्या दहाएक सेकंदांनी उघडून वाफ जाऊ द्या, मग पुन्हा दाबा.

पॉलिस्टरवर हे सगळं जसंच्या तसं करू नका. इतक्या उष्णतेला कापडाचाच रंग सुटून शाईत उतरू शकतो. लाल टी-शर्टवरचं पांढरं डिझाइन गुलाबी झालेलं मी पाहिलंय. तिथे कमी तापमानाला पक्की होणारी शाई किंवा शाईत मिसळायचा फिक्सर बरा. फिक्सर घातलेली शाई मात्र काही तासांत वापरून संपवावी लागते, आणि छपाईच्या जाळीत (स्क्रीनमध्ये) वाळली तर जाळीही गेलीच समजा.

छपाई ताणून बघायची चाचणी प्लास्टिसोल या प्लास्टिकच्या शाईसाठी आहे, या शाईला तिचा उपयोग नाही. त्याच कापडाच्या तुकड्यावर छापा, तसाच तापवा आणि चार-पाच वेळा धुऊन बघा.

तुमच्या टी-शर्टवरची गेलेली शाई परत येणार नाही. उरलेली मात्र पुढच्या धुण्याआधी नीट तापवलीत तर टिकू शकेल.