वाचकांचे प्रश्न : ऑगस्टमधला तोहोकु

मागच्या अंकात तोहोकुबद्दल, म्हणजे जपानच्या होन्शु बेटाच्या उत्तरेकडच्या सहा प्रिफेक्चरबद्दल (प्रिफेक्चर म्हणजे तिकडचा प्रांत) आणि तिथल्या उन्हाळी उत्सवांबद्दल जरासं लिहिलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आले. जमतील तेवढे घेतलेत.

आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो. सासूसासरे साताऱ्याहून ऑगस्टच्या सुरुवातीला येतायत. तोहोकुचे सगळे मोठे उत्सव एका ट्रिपमध्ये बसतील का? (एक वाचक, टोकियो)

बसतील, पण बसवू नका. कागदावर फार छान दिसतं ते, मोरिओकाचं सान्सा (ढोल वाजवत नाच) १ ते ४ ऑगस्ट, आओमोरीचं नेबुता (आतून दिवे लावलेले मोठे कागदी चित्ररथ) २ ते ७, अकिताचं कान्तो (कंदील लटकवलेले उंच बांबू) ३ ते ६, यामागाताचं हानागासा (फुलांच्या टोप्या घेऊन नाच) ५ ते ७ आणि सेंदाईचं तानाबाता ६ ते ८, आणि तिथले टूरवाले खरंच लोकांना असं पळवत नेतात. पण रोज नवं हॉटेल, रोज बॅगा भरा, आणि बहुतेक कार्यक्रम अंधार पडल्यावर, म्हणजे दिवसभर उन्हात आईबाबांना घेऊन करायचं काय? दोनच निवडा. मला विचाराल तर अकिता आणि आओमोरी. तानाबाता दिवसा निवांत बघता येतं, बांबूला लटकवलेल्या त्या कागदी झिरमिळ्या सुंदरच असतात, पण तिथे होत काही नाही, पाच मिनिटांत सासरे चहा शोधायला लागतील.

बुकिंग आत्ताच करा. आओमोरी शहरात त्या आठवड्यात हॉटेल मिळालंच तर भाव ऐकवत नाहीत, त्यामुळे हिरोसाकीला राहा, ट्रेनने पाऊण तासाच्या आसपास अंतर आहे आणि तिथेही १ ते ७ स्वतःचं नेपुता (नेबुताचंच तिकडचं नाव) असतंच, पंख्याच्या आकाराचं, पुढून लढाईतले योद्धे आणि मागून एखादी सुंदर बाई रंगवलेली. आओमोरीला रस्त्याकडेच्या खुर्च्यांची तिकिटं मिळतात, ती आधी घ्या, ज्येष्ठांना दोन तास उभं करू नका. आणि एक, टोकियोला त्याच रात्री परत येऊ असा विचार असेल तर सोडा, शेवटची शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, आठच्या आतच निघते आणि मिरवणूक तेव्हा कुठे रंगात यायला लागलेली असते.

तारखांचं मात्र सोपं आहे. आपल्यासारखी दरवर्षी तिथी बघायला लागत नाही, वार कुठलाही असो तारीख तीच.

ओबोन म्हणजे त्यांचा पितृपक्षच ना? मग त्यात नाच कसा चालतो? (एक वाचक, नाशिक)

पितर घरी येतात एवढं सारखं आहे, पुढचं सगळं वेगळं. आपल्याकडे त्या पंधरवड्यात लग्नकार्य नाही, खरेदी नाही, आणि तिकडे पितर आलेत म्हणून अख्खं गाव यूकाता (उन्हाळी सुती किमोनो) घालून रस्त्यावर गोल धरून नाचतं. आलेल्यांना करमलं पाहिजे आणि मग नीट परत पाठवलं पाहिजे, असा सगळा भाव. बऱ्याच घरांत काकडीला आणि वांग्याला काड्यांचे पाय लावून ठेवतात, काकडीचा घोडा आणि वांग्याचा बैल. घोडा का, तर पितर लवकर घरी यावेत म्हणून, आणि परत जाताना बैल, म्हणजे सावकाश जातील. मला हे इतकं आवडतं की आमच्याकडेही सर्वपित्रीला एक काकडी उभी केली होती, आत्याबाईंना ते काही पटलं नाही.

ओबोन मुळात चांद्र पंचांगातल्या सातव्या महिन्यातलं. १८७३ मध्ये जपानने इंग्रजी कॅलेंडर घेतलं तेव्हा टोकियोने ते जुलैत ठेवलं आणि बहुतेक बाकीच्या देशाने एक महिना पुढे, १३ ते १६ ऑगस्टला. नेबुता आणि कान्तोची कुळकथा जरा वेगळी. ऐन शेतीच्या दिवसांत उकाड्याने अंगात जी सुस्ती भरते, झोप अनावर होते, ती दिव्यांबरोबर नदीत सोडून द्यायची जुनी प्रथा होती, त्यातून हे वाढत गेलं असं सांगतात. म्हणजे देवापेक्षा कामाची काळजी जास्त.

आम्ही पेणचे, घरात मूर्तीचंच काम. नेबुता कशाचं बनवतात आणि शेवटी विसर्जन करतात का? (एक वाचक, पेण)

तुमच्या प्रश्नाला मी जास्त जागा देणार आहे. माती नाही, प्लास्टर नाही, साचा तर नाहीच. आधी कागदावर चित्र, मग लाकडाच्या आधारावर तारेचा सांगाडा, पूर्वी बांबू वापरायचे. आत दिव्यांचं वायरिंग आधीच करून घेतात कारण नंतर हात जात नाही. मग तारेच्या प्रत्येक चौकटीएवढा वाशी, म्हणजे पारंपरिक जपानी कागद कापून चिकटवायचा, एकेक, हे काम बघताना आपलीच मान दुखायला लागते. त्यावर काळ्या शाईने रेषा, मग वितळलेलं मेण. मेणाचं काम काय, तर रंग शेजारच्या भागात पसरत नाही आणि मेण लावलेल्या जागेतून उजेड जास्त येतो, त्यामुळे रात्री योद्ध्याच्या डोळ्यांत आणि लाटांच्या फेसात जी चमक दिसते ती मेणाची. सगळ्यात शेवटी रंग. दिवसा बघितलं तर ठीकठाक वाटतं, दिवे लागले की तेच चित्र अंगावर येतं.

आकार साधारण ९ मीटर रुंद, ७ मीटर खोल आणि गाडा धरून ५ मीटर उंच, वजन सुमारे ४ टन. उंची वाढवता येत नाही, वर सिग्नल आणि पादचारी पूल. ही कला बरीच वर्षं पुरुषांचीच होती, कितामुरा आसाको २०१२ मध्ये पहिल्या महिला नेबुता-शिल्पकार म्हणून उतरल्या, वडील कितामुरा ताकाशीही याच कामातले नावाजलेले.

विसर्जन म्हणाल तर, ७ तारखेला दिवसा मिरवणूक आणि रात्री निवडक नेबुता बोटींवर चढवून खाडीत फिरवतात, वर आतषबाजी. पण पाण्यात सोडत नाहीत, परत आणतात आणि बहुतेक मोडून टाकतात. प्राणप्रतिष्ठा वगैरे काही नसतेच मुळात, ती पुराणातली आणि काबुकी नाटकांतली पात्रं. थोडी मात्र आओमोरी स्टेशनजवळच्या वा रास्से संग्रहालयात ठेवतात, ऑगस्टमध्ये जमलं नाही तर तिथे बघा.

आणि जमलं तर आओमोरी प्रिफेक्चरमधल्याच गोशोगावाराला जा, तिथलं नेपुता उभं असतं, सुमारे २३ मीटर आणि १९ टन. रस्त्यावर विजेच्या तारा आल्या तशी ही उंची बंद पडली होती, मग १९९० च्या दशकात जुनी चित्रं सापडली, गावच्या लोकांनीच पुन्हा एक बांधून बघितलं आणि १९९८ पासून उत्सव परत सुरू झाला. त्यासाठी मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या तारा जमिनीखाली घातल्या. एका लहान शहराने हे करणं म्हणजे कमालच.

कान्तोच्या कंदिलात खरी मेणबत्ती असते का? (एक वाचक, लातूर)

खरीच. सगळ्यात मोठा बांबू १२ मीटरचा, ४६ कंदील, ५० किलो, आणि तो एकच माणूस हातावर, कपाळावर, खांद्यावर, कमरेवर पेलतो. खालून बांबूचे जोड वाढवत नेले की कमान इतकी वाकते की पोटात गोळाच येतो. कधी पडतोही, मेणबत्त्या विझतात, पुन्हा पेटवून उभा करतात, कोणी हसत नाही.

गर्दी नको, पैसे भरून सीट नको, एखादं खरंखुरं गाव सांगा. (एक वाचक, म्हापसा)

निशिमोनाई, तिथल्या ओबोनच्या नाचासाठी. अकिता प्रिफेक्चरमधल्या उगो गावात, युझावा स्टेशनवरून बस किंवा टॅक्सी, १६ ते १८ ऑगस्ट. अगदीच रिकामं मिळेल अशी अपेक्षा करू नका, २०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीत जपानच्या ज्या लोकनृत्यांना एकत्र घेतलं त्यात हेही आहे. रस्त्यात शेकोट्या पेटवतात आणि नाचणाऱ्यांची तोंडं दिसत नाहीत, कोणी पुढे वाकलेली गवती टोपी घालतं तर कोणी काळं कापड डोक्यावरून छातीपर्यंत सोडतं, डोळ्यांपुरती दोन भोकं. हे म्हणजे मेलेलीच माणसं नाचतायत असं म्हणतात, आणि खरंच तसं वाटतं. पण वरून गाणारा त्यांच्या बोलीत चावट ओळी म्हणत असतो, नाच इतका नाजूक आणि गाणं हे असं! कपडे बघा, वेगवेगळ्या रेशमी कापडांचे तुकडे जोडून शिवलेले, अनेक घरांत आजीकडून नातीकडे आलेले. स्वतः नाचायचंच असेल तर हे नाही, गिफु प्रिफेक्चरमधल्या गुजो गावात जा, १३ ते १६ ऑगस्टला पहाटेपर्यंत नाचतात आणि रिंगणात कोणीही शिरतं.

हे सगळं किती दिवस टिकेल असंही काहींनी विचारलंय. माणसं कमी होतायत हे खरं, जपानात लोकसंख्या सगळ्यात वेगाने अकिताचीच घटतेय. आणि उन्हाचंही आहे, फुकुशिमातल्या सोमा भागात चिलखत घालून घोडे दौडवण्याचा उत्सव जुलैअखेरीस असायचा, २०२३ च्या उन्हात घोडे दगावले आणि २०२४ पासून तो मेच्या शेवटाला नेला. हजार वर्षांची परंपरा सांगणाऱ्यांनी तारीख बदलली ती बदलली, मला तरी त्यात शहाणपण दिसतं.

नेबुतात परदेशी माणसाला नाचता येतं का? (एक वाचक, पुणे)

येतं. हानेतोचा, म्हणजे नेबुताबरोबर नाचणाऱ्यांचा, ठरलेला पोशाख हवा, तो भाड्याने मिळतो, मग निघण्याच्या जागी जाऊन एखाद्या गटात शिरायचं. "रास्सेरा रास्सेरा" ओरडत एका पायावर दोन उड्या, मग दुसऱ्या, दहा मिनिटांत पोटऱ्या बोलायला लागतात. चपला दोरीने घट्ट बांधून घ्या. कपड्यांना लावलेल्या छोट्या घंटा नाचताना गळून पडतात, रस्त्यात सापडली तर शुभ मानतात, त्यामुळे लहान मुलं वाकूनच चालत असतात. पावसाची भीती नको, नेबुताला प्लास्टिक घालून काढतात.

शाकाहारी माणसाने खायचं काय? (दोनतीन वाचक)

साधं दिसणारं सूपसुद्धा माशाच्या पाण्यातलं असतं, नूडल्सचंही तेच, त्यामुळे विचारून घ्या. स्टॉलवर सोया सॉस लावून भाजलेलं कणीस, बटाटा-बटर, बर्फाचा गोळा मिळतो. सेंदाईला हिरव्या सोयाबीनची गोड चटणी (झुंदा) लावलेला चिकट भाताचा मऊ गोळा, त्याला मोची म्हणतात, नक्की खा. अकितात रस्त्याकडेला छत्रीखाली आज्या बसतात आणि उलथन्याने गुलाबी-पिवळ्या आइसक्रीमच्या पाकळ्या रचून कोनात गुलाब करून देतात. दोन घ्या, एक वितळतो.