हौशी राहून हाती काय लागतं? बॉबी जोन्सची आधीची सात वर्षं बघा

ताई, तुमचा मुलगा 17 वर्षांचा आहे, दोन वर्षं मोठ्या स्पर्धांत शेवटी शेवटी हरतोय आणि आता कॉलेज सोडून व्यावसायिक गोल्फर व्हायचं म्हणतोय. हौशी राहून, म्हणजे बक्षिसाच्या पैशांसाठी न खेळता, हाती काय लागतं, असं तुम्ही विचारलंत. मी बरीच वर्षं हौशी गोल्फ खेळतोय, आणि या प्रश्नावर मला दरवेळी अमेरिकेतल्या अटलांटाचा हौशी गोल्फर बॉबी जोन्सच आठवतो.

त्याचं 1930 सालचं यश सगळ्यांना ठाऊक असतं. एकाच मोसमात ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्हीकडच्या ओपन (हौशी-व्यावसायिक सगळ्यांना खुल्या) आणि हौशी अशा चारही स्पर्धा त्याने जिंकल्या. पण मुलाला त्याआधीची वर्षं सांगा. 1916 मध्ये, 14 व्या वर्षी, तो मेरियन या गोल्फ क्लबच्या मैदानावर अमेरिकन हौशी स्पर्धेत उतरला आणि सगळ्यांच्या नजरेत भरला. त्यानंतर 1923 पर्यंत एकही मोठं विजेतेपद नाही! खेळ होता, पण डोकं ताब्यात नव्हतं. 1921 च्या ब्रिटिश ओपनमध्ये, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला, तिसऱ्या फेरीत अकराव्या होलच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) चेंडू अडकला, आणि पठ्ठ्याने चिडून होल पुरा न करताच चेंडू उचलला. स्पर्धेतून बाद. याची लाज त्याला पुढे कायम वाटत राहिली.

पहिलं यश आलं ते 1923 च्या अमेरिकन ओपनमध्ये, इनवुड क्लबच्या मैदानावर. शेवटच्या होलवर त्याने आघाडी घालवली, प्रतिस्पर्धी बॉबी क्रुकशँकने बरोबरी साधली आणि दुसऱ्या दिवशी प्लेऑफ, म्हणजे दोघांत निर्णायक फेरी, झाली. अठराव्या होलपर्यंत पुन्हा बरोबरी. जोन्सचा चेंडू रफमध्ये (उंच गवतात), आणि होल असलेल्या हिरवळीच्या, म्हणजे ग्रीनच्या, अलीकडे पाणी. त्याने फार विचार न करता आयर्नने (लोखंडी डोक्याच्या काठीने) लांब फटका मारला आणि चेंडू होलजवळ जाऊन थांबला. तिथून 1930 पर्यंत तो 21 मोठ्या स्पर्धा खेळला आणि 13 जिंकला.

आणि या सगळ्या काळात शिक्षण सुटलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जॉर्जिया टेकमधून मेकॅनिकल इंजिनिअरिंग, मग हार्वर्डमधून इंग्रजी साहित्य. पुढे एमरी विद्यापीठात कायद्याचा अभ्यास सुरू केला आणि तो पुरा होण्याआधीच वकिलीची परीक्षा पास झाला. वर्षाकाठी मोजक्याच स्पर्धा, बाकी वेळ अभ्यास, काम, घर. वडील वकील आणि घर सुस्थितीतलं, तेव्हा हे त्याला परवडत होतं हेही खरं. आता मात्र 2022 पासून नियम सैल झाले आहेत, हौशी खेळाडूलाही प्रायोजक घेता येतो. त्यामुळे निव्वळ खर्चापायी आत्ताच व्यावसायिक व्हायची घाई नको, असं माझं स्पष्ट मत आहे. पदवी होऊ द्या, तोवर खेळ पक्का होईल.

1930 मध्ये मेरियनलाच त्याने त्या मोसमातल्या चारपैकी चौथी स्पर्धा जिंकली आणि 28 व्या वर्षी स्पर्धा सोडल्या. पुढे ऑगस्टाचं गोल्फ मैदान उभं केलं, 1934 पासून तिथे मास्टर्स ही मोठी स्पर्धा सुरू झाली. नंतर मणक्याच्या आजाराने चालणंही कठीण झालं.

राहता राहिला तुमचा प्रश्न, हाती काय लागतं. ज्या सेंट अँड्र्यूजला तो चिडून खेळ सोडून गेला होता, तिथेच 1927 मध्ये त्याने ओपन जिंकली. 1958 मध्ये त्याच गावाने त्याला मानद नागरिक केलं. त्याआधी हा मान एकाच अमेरिकन माणसाला मिळाला होता, 1759 मध्ये, बेंजामिन फ्रँकलिनला.