माती परीक्षणाचे अठरा हजार आणि पॉलिसीचे तीन लाख

प्रश्न: वय ४३, माध्यमिक शिक्षक, पगार हातात ७० हजार. सोलापुरात विजापूर रोडला सैफुलच्या पुढे प्लॉट आहे. घराचं बजेट २५ लाख, १८ लाख कर्ज (८.५ टक्के, १५ वर्षं), ७ लाख स्वतःचे. बँक पहिली रक्कम जोतं झाल्यावरच देणार. जोत्यापर्यंत ५ लाख लागतील, मुरूम १० फुटांवर लागला तर ७, असं इंजिनिअर म्हणतात. त्यांनी १८ हजारांची सॉईल टेस्ट सांगितली आहे. ठेकेदार म्हणतो, शेजारी पाच फुटांवर मुरूम लागला, पैसे कशाला घालवता? करारात 'पाया ५ फुटांपर्यंत, पुढे जादा दर' असं आहे. टेस्ट करू का?
ता. क. कर्ज मंजूर होताना बँकेतून गॅरंटीड पॉलिसी घेतली. वर्षाला ३ लाख, १० वर्षं. १५ वर्षांनी ५१ लाख. पहिला हप्ता सातातूनच भरला. कागद १९ दिवसांपूर्वी आले.

उत्तर: सर, टेस्ट करून घ्या. ती पंधरा दिवसांनी झाली तरी चालेल, पॉलिसीचं तसं नाही. कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते; याला फ्री लूक म्हणतात. तुमचे ११ दिवस उरलेत. उद्याच विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. बँकेतल्या साहेबांना नुसतं तोंडी सांगून भागणार नाही. स्टॅम्प ड्युटी, मेडिकलचा खर्च आणि झालेल्या दिवसांचा विम्याचा आकार कापून बाकी पैसे परत मिळतात. टाळाटाळ झाली तर कंपनीकडे तक्रार, मग विमा लोकपाल.

३० लाख भरून ५१ लाख हे ऐकायला मोठं वाटतं. पण १५ वर्षांचा हिशेब मांडला की परतावा निघतो वर्षाला जेमतेम ५ टक्के. साडेआठने कर्ज काढायचं आणि पाचने गुंतवायचं, हा सल्ला तुम्हाला कर्जाच्याच टेबलावर मिळाला, याची मला चीड येते. कर्जासाठी अशी पॉलिसी सक्तीची नसते. शिवाय ईएमआय १७,७०० आणि पॉलिसीचे महिन्याला २५ हजार, म्हणजे ७० पैकी जवळजवळ ४३ हजार गेले. घर चालवायचं कशावर? कर्जाचं ओझं घरच्यांवर पडू नये म्हणून ५० लाखांचा साधा टर्म इन्शुरन्स घ्या. प्रकृती चांगली असेल तर वर्षाला २० हजारांच्या आत बसेल.

आता पाया. जमिनीखालचं सगळं काम तुमच्या रोख पैशांतून व्हायचंय. लागणार ५ ते ७ लाख, उरलेत ४. पॉलिसी परत केली नाही तर काम जोत्याच्या आधीच थांबेल आणि मग सोनं गहाण किंवा पर्सनल लोन.

ठेकेदाराला पाच फुटांची खात्री असती तर ते कलम त्याने घातलंच नसतं. जास्तीच्या खोलीचा खर्च तुमच्या गळ्यात आहे, म्हणून मोजून घ्यायचंही तुम्हीच. शेजारचा मुरूम तुमच्या प्लॉटची हमी देत नाही. आपल्याकडे काळी माती, खाली मुरूम, त्याखाली बेसाल्ट. पण थरांची जाडी थोड्या अंतरातही बदलते. लेआउट पाडताना बुजवलेला ओढा किंवा विहीर निघाली तर सगळंच बदलतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया तिच्यातच उथळ ठेवला तर भिंती तडकतात.

ही फुगण्याची चाचणी अगदी साधी आहे. वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती एका नळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये घालून २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. तिथे १० मिलीवर आणि पाण्यात १८ मिलीवर बसली, तर फुगवटा ८० टक्के. ५० च्या पुढे गेली की माती जास्त फुगणारी समजायची.

१८ हजारांत काय काय मिळणार, ते आधी लिहून घ्या: निदान दोन ठिकाणी बोअर किंवा खड्डा, मुरूम किती फुटांवर, जमीन किती भार पेलेल, पाया कोणता आणि किती खोल. शेतीच्या माती परीक्षणाचा इथे उपयोग नाही, तिथे नत्र-स्फुरद-पालाश बघतात.

रिपोर्ट येईपर्यंत ठेकेदाराला इसार देऊ नका. आला की पाच फुटांचं कलम काढायला लावा आणि रिपोर्टातल्या खोलीवर पायाची एकच रक्कम ठरवून करार करा.