वळिवड्याचे पोलिश मिस्त्री

तुम्ही विचारलंत की हातात वडिलांकडून आलेलं सुतारकाम आहे, वय चौतीस, गाव कोल्हापूरजवळ, आणि एजंट म्हणतो की इंग्लंडमध्ये कारागिराला फार किंमत आहे. तर दुकान विकून यावं का? माझं उत्तर: या, पण दुकान विकून येऊ नका. व्हिसाचं शेवटी सांगतो. आधी एका पोलिश म्हाताऱ्यांबद्दल सांगू द्या, कारण परदेशात हातावर पोट असलेल्या माणसाचं आयुष्य कसं असतं ते मी त्यांच्याकडे पाहून शिकलो.

हाय विकम हे लंडनच्या वायव्येला चिल्टर्न टेकड्यांमधलं गाव. भोवती बीच नावाच्या झाडांची जंगलं, म्हणून इथे पिढ्यान्‌पिढ्या खुर्च्या बनत आल्या. मी इथे आलो तेव्हा आमच्या गल्लीत शेवटच्या घरामागे एका शेडमध्ये हे गृहस्थ जुनं फर्निचर दुरुस्त करायचे. सत्तरी ओलांडलेली. मी कोल्हापूरचा आहे कळल्यावर त्यांनी रंधा खाली ठेवला आणि विचारलं, "पंचगंगेला अजून पूर येतो का?"

ते कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात, पोलिश निर्वासितांच्या छावणीत वाढले होते. १९४० च्या फेब्रुवारीत सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून हजारो कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरियाकडे नेली, त्यात हे आई-वडिलांसोबत होते. १९४१ मध्ये सुटका झाली. वडील जनरल अँडर्स यांच्या, सुटलेल्या पोलिश लोकांतून उभ्या राहिलेल्या सैन्यात गेले. मायलेक इराण आणि कराचीमार्गे १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात पोचले. तिथल्या छावणीत पाचेक हजार पोलिश माणसं होती, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा होत्या, चर्च होतं, बालवीरांची पथकं होती. आज तिथे गांधीनगर आहे. छावणी उठल्यावर फाळणीत आलेले सिंधी तिथे वसले.

छावणीच्या डागडुजीला येणारा एक मराठी सुतार त्यांना लख्ख आठवायचा. बाक नाही, शिकंजा नाही. जमिनीवर बसून पायांत लाकूड धरायचा आणि पटाशी चालवायचा. हे त्याच्याजवळ तासन्‌तास बसायचे. कामाची ओढ तिथे लागली, असं ते मानायचे.

वडील इटलीतल्या माँते कासीनोच्या लढाईतून वाचले आणि सैन्याबरोबर इंग्लंडला आले. छावणी बंद होताना, १९४८ च्या सुमारास, मायलेकही आले. घर ल्वूफजवळ होतं आणि तो मुलूख युद्धानंतर सोव्हिएत युक्रेनमध्ये गेला, म्हणून परतायला जागाच उरली नव्हती. १९४७ च्या पुनर्वसन कायद्याने पोलिश सैनिकांना इथे राहता आलं, पण इथल्या काही कामगार संघटनांनी त्यांना कामावर घ्यायला विरोध केला होता. हुद्द्यावरचे अधिकारीसुद्धा हॉटेलांत भांडी घासत होते. हे कुटुंब हॉजमूरच्या छावणीत, जंगलातल्या बराकींत राहिलं, आणि मुलगा सोळाव्या वर्षी खुर्च्यांच्या कारखान्यात लागला.

इथे थोडं थांबा, कारण तुमच्या कामाचं इथेच आहे. त्यांचा हात पहिल्या महिन्यात मान्य झाला. मजुरी मात्र कित्येक वर्षं शिकाऊचीच राहिली, कारण इंग्रजी येत नव्हतं आणि हातात कागद नव्हता. मग कारखान्यातून सुटून ते संध्याकाळच्या वर्गाला जायला लागले, सिटी अँड गिल्ड्स या इथल्या संस्थेचं कारागिरीचं प्रमाणपत्र घेतलं, आणि तेव्हा कुठे मिस्त्री झाले. दुसरी गोष्ट ते तळमळून सांगायचे. आई-वडील दहा वर्षं 'लवकरच परत जाऊ' म्हणत राहिले. घर घेतलं नाही, भाषा शिकले नाहीत. तुमची गोष्ट वेगळी आहे, तुम्हाला परतायला घर आहे. म्हणूनच किती वर्षांसाठी येता ते वहिनींशी बसून आधी ठरवा.

पुढे कारखाने एकामागून एक बंद पडले. सोबतचे कित्येक गोदामांत गेले. यांना जुन्या सामानाच्या दुरुस्तीने तारलं. शनिवारी मी त्यांच्या हाताखाली असायचो. जुन्या खुर्चीचा सांधा ते सरसानेच जोडायचे, कारण सरस वाफेने पुन्हा सुटतो आणि पन्नास वर्षांनी दुसऱ्या कारागिराला ती खुर्ची न मोडता उघडता येते. आपल्याकडच्या पांढऱ्या गोंदाने तसं होत नाही. पॉलिशला चपडी: स्पिरिटमध्ये विरघळवलेली, कापडाच्या बोळ्याने पातळ हात, वाळू द्यायचं, पुन्हा हात. ही लाख भारतातून येते याचा त्यांना मनापासून आनंद व्हायचा. शेवटच्या आजारपणात हात थरथरायचे, तरी बोळा धरला की स्थिर व्हायचे. त्यांच्या अंत्यविधीला चर्चमध्ये बसायला जागा नव्हती. अर्ध्या लोकांच्या घरात त्यांनी जोडलेली एखादी खुर्ची होती.

आता तुमचं. प्लायवूड-सनमायका करणारे इथे भरपूर आहेत. भरीव लाकूड, हाताने केलेला कुसवाचा सांधा, जुन्या वस्तूंची दुरुस्ती, याला मागणी आहे, पण ही दुकानं छोटी असतात. जुलै २०२५ पासून कुशल कामगार व्हिसा मुख्यतः पदवीच्या पातळीच्या कामांनाच मिळतो, आणि सर्वसाधारण वेतनाची अट वर्षाला ४१,७०० पौंडांची आहे. त्याखालच्या पातळीच्या निवडक कामांसाठी तात्पुरती यादी आहे, पण त्या यादीवरून नव्याने येणाऱ्याला बायको-मुलांना आणता येत नाही. एजंटाने हे सांगितलं का? आपलं काम यादीत आहे का, ते ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. परदेशी कामगार बोलावण्याचा परवाना असलेल्या मालकांची यादीही तिथेच खुली आहे. व्हिसासाठी मालक जे स्पॉन्सरशिप प्रमाणपत्र देतो, त्याचा खर्च मालकानेच करायचा असतो. त्यासाठी तुमच्याकडे पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार मात्र तुमचा, माणशी वर्षाला १,०३५ पौंड. इंग्रजीची अट जानेवारी २०२६ पासून बी-२ पातळीची, म्हणजे बऱ्यापैकी अस्खलित इंग्रजीची, झाली आहे, म्हणून अभ्यास आजच सुरू करा.

तुम्ही केलेल्या भरीव सागवानी कामांचे फोटो मला पाठवा, सांधे जवळून दिसतील असे. इथल्या दोन-तीन दुरुस्तीवाल्यांना दाखवून त्यांचं मत कळवतो.